नागपूरहून कोल्हापूर किती दूर?

नागपूरहून मुंबई जवळ की कोल्हापूर? कुणालाही विचारा, उत्तर चटकन येते: मुंबई. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर मात्र दोन्ही शहरे जवळजवळ सारख्याच अंतरावर निघतात. नागपूरच्या सोनेगावातल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळापासून मुंबईचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 685 किलोमीटर आहे आणि कोल्हापूरचा उजळाईवाडीचा विमानतळ सुमारे 700. फरक पंधरा किलोमीटरांचा, म्हणजे जेट विमानाच्या हिशेबात मिनिटभराचा. तरीही मुंबईला कामासाठी गेलेला नागपूरकर सकाळी निघून रात्री घरी जेवायला येऊ शकतो, तर कोल्हापूरला जाणाऱ्याने अनेक दशके महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये एक पूर्ण दिवस आणि वर काही तास काढले. ही गाडी गोंदियाहून निघते आणि भुसावळ, मनमाड, पुणे, मिरज असा वळसा घेत कोल्हापूरला टेकते. स्टार एअरने कोल्हापूर-नागपूर थेट विमान सुरू केले ते मे 2025 मध्ये. तोवर एकाच राज्यातली नागपूर-कोल्हापूर ही दोन शहरे प्रवाशाच्या लेखी दोन वेगळ्या राज्यांत असल्यासारखीच होती.

प्रादेशिक विमानसेवेची चर्चा आपल्याकडे दोन आकड्यांभोवती फिरते. अंतर किती आणि उड्डाणाला वेळ किती. नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले की दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात हेच दोन आकडे असतात: अमुक शहर आता तमुक मिनिटांवर. माझे म्हणणे असे, की हे दोन्ही आकडे खरे असूनही निर्णयासाठी निरुपयोगी आहेत. दोन विमानतळांमधले अंतर मोजायचे तर एक विमान गेल्यापासून पुढचे सुटेपर्यंतचा काळ मोजावा. नागपूरच्या मिहान या मालवाहतूक-केंद्राच्या प्रकल्पाची कहाणी या मापाने वाचली तर तिचा वेगळाच अर्थ लागतो.

आधी त्या दोन आकड्यांचा मान राखू. दोन विमानतळांमधले हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरची सर्वांत छोटी रेषा. ती सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे 1,852 मीटर. विमान मात्र या रेषेला चिकटून उडत नाही. नागपूरची धावपट्टी वायव्य-आग्नेय दिशेने आहे, त्यामुळे विमान आधी वाऱ्याच्या तोंडाने उठते आणि मग वळून ठरलेल्या हवाई मार्गाला लागते. पोहोचण्याच्या ठिकाणीही उतरणाऱ्यांच्या रांगेत शिरावे लागते. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात; म्हणून तेव्हा मुंबईला जाताना वेळ थोडा जास्त लागतो आणि परतताना वाचतो. विमान कंपन्या वेळापत्रकात जो वेळ छापतात त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात: चाकांपुढचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा वेळ. त्यात धावपट्टीपर्यंत रांगणे, चढणे, उतरणे आणि पार्किंगच्या जागेपर्यंत पोहोचणे हे सगळे आले.

या हिशेबाचे एक उदाहरण विदर्भातच आहे. अमरावतीच्या बेलोरा विमानतळाचे उद्घाटन 16 एप्रिल 2025 रोजी झाले. 1,850 मीटरची धावपट्टी आणि अलायन्स एअरचे एटीआर 72 जातीचे पंख्याचे विमान. बेलोरा ते मुंबई हवाई अंतर सुमारे 540 किलोमीटर. एटीआर आकाशात ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे गणिताने 65 मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात लागले पावणेदोन तास. वरची 40 मिनिटे जमिनीवर, चढण्या-उतरण्यात आणि मुंबईच्या गर्दीत जातात. त्यातली बरीचशी मिनिटे अंतर कमी झाले तरी कमी होत नाहीत. जवळच्या प्रवासाला विमान महाग पडते ते याच कारणाने. बेलोरा नागपूरच्या पश्चिमेला सरळ रेषेत सुमारे 140 किलोमीटर, गोंदियाचा बिरसी विमानतळ पूर्वेला जवळपास तेवढाच. या दोन्ही ठिकाणांहून नागपूरला विमानाने यावे असे कुणी म्हणत नाही. आकाशातली वीसेक मिनिटे वाचवण्यासाठी जमिनीवर दोन तास घालवायचे हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, हे सगळ्यांना कळते.

इथपर्यंतचे गणित विमान कंपनीचे. प्रवाशाचे गणित यापुढे सुरू होते.

बेलोऱ्याहून मुंबईची सेवा सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवसांची: सोमवार, बुधवार, शुक्रवार. दोन विमानांमधल्या फटी झाल्या दोन दिवस, दोन दिवस आणि तीन दिवस. एखाद्याला मुंबईला जायची गरज आठवड्यात कोणत्याही क्षणी पडू शकते असे धरा. ती गरज शुक्रवार ते सोमवार या मोठ्या फटीत पडण्याची शक्यता जास्त, आणि तिथे वाटही जास्त पाहावी लागते. हिशेब मांडला तर सरासरी प्रतीक्षा सुमारे 29 तास येते. रोज एक विमान असते तर ती 12 तासांवर आली असती. सकाळ-संध्याकाळ बारा-बारा तासांनी एकेक असते तर 6 तासांवर. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवू. एटीआरच्या जागी जेट आणले तर या मार्गावर फार तर अर्धा तास वाचेल. फेऱ्या तीनच्या सात केल्या तर 17 तास वाचतील. तरीही मोठ्या विमानासाठी धावपट्टी वाढवा ही मागणी आपल्याकडे मोर्चे काढून होते, आणि फेऱ्या वाढवा ही मागणी निवेदनाच्या शेवटच्या ओळीत असते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. माणसे अशी आंधळेपणाने विमानतळावर जाऊन बसत नाहीत. ती वेळापत्रक पाहून बेत आखतात, त्यामुळे 29 तासांची प्रतीक्षा कागदावरची आहे. खरे आहे. पण बेत आखल्याने प्रतीक्षा नाहीशी होत नाही, ती मुक्कामी जाऊन बसते. सुरुवातीच्या वेळापत्रकात हे विमान दुपारी मुंबईहून निघायचे आणि बेलोऱ्याहून फिरून संध्याकाळी मुंबईला पोहोचायचे. अमरावतीच्या माणसाचे मंगळवारी मंत्रालयात काम असेल, तर तो सोमवारी संध्याकाळी मुंबईत, मंगळवारी कामावर आणि बुधवारी दुपारच्या विमानाने परत. एका दिवसाच्या कामाला मुंबईत दोन रात्री. हाच माणूस सोमवारी संध्याकाळच्या अमरावती-मुंबई अंबा एक्स्प्रेसने निघाला तर मंगळवारी सकाळी मुंबईत उतरतो, काम करतो, त्याच रात्रीच्या गाडीत झोपतो आणि बुधवारी सकाळी घरी चहा पितो. मुंबईत एकही मुक्काम नाही. पावणेदोन तासांचे विमान अख्ख्या रात्रीच्या आगगाडीपेक्षा उशिरा घरी पोहोचवते! आगगाडीचा वेग इथे कामाला येत नाही. ती रोज असते आणि रात्री असते, एवढ्यावर ती जिंकते.

रस्त्याचेही तेच. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला आणि 701 किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. नागपूर-मुंबई आठ तासांत, असे त्याचे वर्णन होते. विमान दीड-पावणेदोन तासांत जाते. तरी माणसे गाडी काढतात, कारण रस्त्याला वेळापत्रक नसते. मनात आले की निघता येते. विमानाला या स्वातंत्र्याशी स्पर्धा करायची आहे, आणि ती स्पर्धा वेगाने अर्धीच जिंकता येते.

आता मिहान. ‘मल्टीमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट अॅट नागपूर’ या लांबलचक नावाचे हे आद्याक्षरी रूप. 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि सोनेगावच्या विमानतळाभोवती चार हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर हा प्रकल्प आखला गेला. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव, कलकुही या गावांच्या जमिनी त्यात गेल्या. मांडणी साधी आणि मोहक होती: नागपूर देशाच्या मध्यावर आहे, सीताबर्डीला झिरो माइलचा स्तंभ त्याची साक्ष देतो, चारही महानगरे इथून सारख्या अंतरावर आहेत, म्हणून देशाचा माल इथे उतरून इथूनच चहूकडे जाईल. भूगोलच आपल्या बाजूने आहे म्हटल्यावर बाकी सगळे आपोआप होईल, हा त्यामागचा विश्वास.

या मांडणीतली ‘सारखे अंतर’ ही गोष्ट आधी तपासू. सोनेगावहून मुंबई 685 किलोमीटर, दिल्ली सुमारे 850, चेन्नई सुमारे 900, कोलकाता 985. सर्वांत जवळचे आणि सर्वांत दूरचे महानगर यांत 300 किलोमीटरांचा फरक. नागपूर मध्याजवळ आहे, पण समान अंतरावर नाही. आणि तरीही एके काळी नागपूर देशाचे खरेखुरे हवाई केंद्र होते. ते कसे झाले होते, हे मिहानच्या आराखड्यांपेक्षा जास्त शिकवणारे आहे.

1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रोज रात्री टपालाची विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला एकत्र येत. तिथे पोत्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत प्रत्येक विमान आपापल्या गावी परतलेले असे. कलकत्त्याला संध्याकाळी टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी मुंबईत वाटपाला निघे. सोबत थोडे प्रवासीही असत. विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण 1953 मध्ये झाल्यावर ही सेवा इंडियन एअरलाइन्सकडे आली आणि दोन दशकांहून अधिक काळ चालली. विमाने होती डाकोटा, ताशी पावणेतीनशे किलोमीटरांच्या आसपास जाणारी. आजच्या एटीआरपुढेही ती गोगलगाय वाटावीत.

या व्यवस्थेची करामत भूगोलात नव्हती. कलकत्त्याचे विमान लांबून यायचे म्हणून आधी निघणार, मुंबईचे जवळचे म्हणून मागाहून. अंतरे असमान होती, पण पोहोचण्याची वेळ एक होती. चार विमाने रोज एकाच तासाला एका जागी येतील आणि एकही दुसऱ्याला सोडून जाणार नाही, या शिस्तीने नागपूरला केंद्र बनवले. शहर तेच, धावपट्टी तीच. 1970 च्या दशकात ती सेवा बंद पडली आणि नागपूर पुन्हा वाटेवरचे एक स्टेशन झाले. अक्षांश-रेखांश तसूभरही हलले नव्हते. हलले होते ते वेळापत्रक.

योगायोग असा, की त्याच दशकात, एप्रिल 1973 मध्ये, अमेरिकेत फेडेक्सने नेमकी हीच कल्पना मेंफिस शहरातून सुरू केली: 14 छोटी विमाने, 25 शहरे, पहिल्या रात्री 186 पाकिटे. मेंफिस अमेरिकेच्या सलग भूभागाच्या मध्यावर नाही; तो मध्य कॅन्ससमध्ये शेतांच्या प्रदेशात आहे आणि तिथे कुणाचे हब नाही. मेंफिस मोठे झाले कारण विमाने तिथे रोज रात्री ठरल्या वेळी जमत राहिली. मध्यावर असणे ही फार तर सोय आहे. केंद्र रोज घडवावे लागते.

मिहानने भूगोल घेतला आणि वेळापत्रक विसरला. त्यामुळे जे आले ते केंद्र नसलेल्या जागीही आले असते. बोइंगने बांधलेला आणि 2015 मध्ये एअर इंडियाच्या अभियांत्रिकी कंपनीने चालवायला घेतलेला विमानदुरुस्तीचा कारखाना आला. विमानांचे भाग बनवणारे उद्योग आले, माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, एम्स आले, आयआयएम आले. ही सगळी मोलाची भर आहे, नागपूरच्या तरुणांना त्यातून नोकऱ्या मिळाल्या. तिची टर उडवण्याचे कारण नाही. पण ज्या मालवाहतुकीच्या केंद्राच्या नावाने जमीन घेतली, ते केंद्र या यादीत दिसत नाही. उलट, 2024-25 मध्ये धावपट्टीच्या रिकार्पेटिंगसाठी दिवसाचे अनेक तास उड्डाणे थांबवावी लागली, तेव्हा देशाच्या मध्यावरचे हे शहर दुपारी सगळ्याच शहरांपासून दूर गेले.

हीच चूक केंद्र सरकारच्या ‘उडान’ योजनेने देशभर केली असे मला वाटते. योजना हेतूने चांगली होती. 27 एप्रिल 2017 रोजी तिची पहिली उड्डाणे झाली, त्यात सिमला-दिल्लीबरोबर आपल्या नांदेड-हैदराबाद मार्गाचाही समावेश होता. सुमारे 500 किलोमीटर किंवा तासाभराच्या उड्डाणाला 2,500 रुपये, ही तिची ओळख झाली. भाड्याची मर्यादा अंतराच्या टप्प्यांवर बांधलेली, कंपनीची तूट भरून द्यायची तीही ठरावीक जागांपुरती आणि तीन वर्षांपुरती. फेऱ्यांची अट मात्र आठवड्याला किमान तीन एवढीच. म्हणजे योजनेने किलोमीटर मोजले, खुर्च्या मोजल्या, रुपये मोजले. प्रवाशाला परत कधी येता येईल हे मोजले नाही.

परिणाम महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात आहे. योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या 774 मार्गांपैकी 403 मार्ग सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या 371 पैकी 112 मार्गांनी तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. मार्च 2023 पर्यंत त्यानंतरही टिकलेले मार्ग 54, म्हणजे शंभरातले सात. आपल्या आसपास पाहिले तरी तेच दिसते. बिरसीला मार्च 2022 मध्ये इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली आणि थोड्याच काळात थांबली; डिसेंबर 2023 मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबाद आणि तिरुपतीसाठी नव्याने डाव मांडला. नांदेडचे विमानही मध्ये थांबले आणि 2024 मध्ये परत उडाले. प्रत्येक वेळी हार-तुरे नव्याने, आणि प्रवासी पुन्हा पहिल्या पायरीवर. ज्या विमानाचा पुढच्या वर्षी भरवसा नाही, त्याच्यावर कुणी आपला व्यवसाय बेतत नाही. प्रवासी आले नाहीत म्हणून सेवा बंद पडली असे कंपनी सांगते. सेवा भरवशाची नव्हती म्हणून प्रवासी आले नाहीत, हे तिच्या ताळेबंदात कुठेच लिहिलेले नसते.

इतर देशांनी हा प्रश्न वेगळ्या टोकाने धरला. अमेरिकेने 1978 मध्ये विमान कंपन्यांवरची नियंत्रणे उठवली, तेव्हा छोट्या गावांसाठी ‘इसेन्शियल एअर सर्व्हिस’ ठेवली. तिचे माप ठरले दिवसातून दोन फेऱ्या, आठवड्यातून सहा दिवस. नॉर्वेत 1990 च्या दशकापासून दुर्गम किनाऱ्यावरच्या छोट्या विमानतळांसाठी निविदा निघतात. तिथल्या काही धावपट्ट्या जेमतेम 800 मीटरच्या, विमाने पंख्याची आणि छोटी. पण निविदेत रोज किमान किती फेऱ्या हव्यात आणि त्या दिवसाच्या कोणत्या वेळी हव्यात हे लिहिलेले असते, म्हणजे माणूस सकाळी मोठ्या शहरात जाऊन दवाखाना किंवा कचेरीचे काम उरकून संध्याकाळी परत यावा. या योजनांवरही पैशांच्या उधळपट्टीची टीका होते, आणि ती सगळीच चुकीची नाही. पण तिथे सरकार ज्या वस्तूला पैसे देते ती वस्तू प्रवाशाच्या कामाची असते.

इथे विदर्भातले वाचक म्हणतील, की आधी विमानतळ तरी होऊ द्या. फेऱ्यांचे मागाहून पाहू. या म्हणण्यामागची वेदना मी हलकी मानत नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी वर्षानुवर्षे अडली. यवतमाळ, लातूर, नांदेड, बारामती आणि धाराशिव हे पाच विमानतळ 2009 मध्ये एका खासगी समूहाला दीर्घ मुदतीने दिले गेले आणि त्यांपैकी बहुतेक ठिकाणी प्रवाशांनी विमान पाहिले ते आकाशातून जाताना. ज्यांना काहीच मिळाले नाही, त्यांना आठवड्यातून तीन विमाने ही चैन वाटली तर नवल नाही. शिवाय विमानतळाचे इतर उपयोग असतात: बिरसीला वैमानिक प्रशिक्षण आहे, आणीबाणीत रुग्ण हलवता येतो. हे सगळे मान्य. पण मग त्या उपयोगांच्या नावाने विमानतळ बांधा आणि तसे सांगा. ‘मुंबई आता पावणेदोन तासांवर’ असे म्हणाल, तर त्या वाक्यापुढे ‘आठवड्यातून तीनदा’ हे शब्द त्याच टायपात छापले पाहिजेत.

अंतर कमी करण्याचा विमानाहून जुना एक मार्गही आहे, आणि नागपूरला तो चांगला ठाऊक आहे. माणूस कामाकडे नेण्याऐवजी काम माणसाकडे आणायचे. 1953 च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला घेण्याचे ठरले, ते मुंबई दूर आहे हे मान्य करूनच. नागपूरला उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे म्हणून गडचिरोलीच्या पक्षकाराला मुंबई गाठावी लागत नाही. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा सांगली-सातारा-सोलापूरसह सहा जिल्ह्यांचे मुंबईपासूनचे अंतर एका दिवसात कमी झाले, एकही धावपट्टी न बांधता. मिहानमधले एम्स चंद्रपूरच्या रुग्णासाठी तेच करते. म्हणून प्रत्येक नव्या हवाई मार्गाआधी एक प्रश्न विचारायला हवा: लोक तिकडे कशासाठी जातात, आणि ते काम इकडे आणता येईल का? हिवाळी अधिवेशन दोन आठवड्यांत गुंडाळायचे आणि विदर्भाला मुंबईच्या विमानाची स्वप्ने दाखवायची, यात विसंगती आहे.

तरीही जी कामे हलवता येत नाहीत त्यांच्यासाठी विमान लागणारच. ते कुठे लागावे, याची निवड अंतरच करून देते, आणि इथे किलोमीटरचा आकडा पुन्हा कामाला येतो. 140 किलोमीटरवरच्या अमरावती-गोंदियाला नागपूरशी जोडायला चांगला रस्ता, वेळेवरची रेल्वे आणि थेट विमानतळाच्या दारात येणारी बस पुरे. नागपूर-पुणे हे हवाई 600 किलोमीटर. अजनी-पुणे वंदे भारत रेल्वेमार्गाचे 881 किलोमीटर बारा तासांत कापते. इथे रेल्वे आणि विमान दोघांनाही जागा आहे. नागपूर-कोल्हापूरला मात्र रेल्वे दिवसाहून अधिक घेते, आणि विमान दिवसाचे तास-दीड तासांवर आणते. सरकारी पैसा ओतायचाच असेल तर तो अशा मार्गांवर ओतावा, जिथे विमानाला पर्याय नाही.

मग मोजमापही बदलावे लागेल. माझ्या मते प्रादेशिक मार्गाची एकच कसोटी पुरे: सकाळी निघून, कामाचे सहा तास मिळवून, रात्री घरी परतता येते का? येत असेल तर मार्ग जिवंत आहे, मग विमान 19 आसनी असले तरी चालेल. येत नसेल तर 180 आसनी विमानही शोभेचे. ही कसोटी लावली की मदतीचे सूत्र उलटे होते. रिकाम्या खुर्चीमागे पैसे देण्याऐवजी फेरीमागे द्यावेत, छोट्या विमानांना जास्त द्यावेत, आणि तीन वर्षांऐवजी सात-आठ वर्षांचा करार करावा. हा पैसा कुठून तरी येतोच. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर प्रादेशिक जोडणीसाठी आकार लागतो, म्हणजे नागपूर-मुंबईचा प्रवासीही त्याला हातभार लावतो. त्याला हिशेब विचारण्याचा हक्क आहे.

दुसरे काम मुंबईचे. तिथल्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. तिथे उतरण्याची वेळ, म्हणजे स्लॉट, सोन्याच्या भावाची. 70 आसनी विमानाला आणि 220 आसनी विमानाला स्लॉट एकच लागतो. मग सकाळी आठचा स्लॉट कुणाला मिळणार हे सांगायला नको. छोट्या शहरांच्या वाट्याला भरदुपार येते ती यातूनच. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. नव्या घरात खोल्यांची वाटणी एकदाच होते. सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांतले काही स्लॉट महाराष्ट्रातल्या छोट्या विमानतळांसाठी आत्ताच राखले नाहीत, तर पुढे मागून मिळणार नाहीत. राज्य सरकारने जमीन, रस्ते आणि सवलती दिल्या आहेत. ही एक अट घालण्याइतका अधिकार त्याला नक्कीच आहे.

आणि तिसरे काम खुद्द मिहानचे. रात्रीच्या टपालाने जे केले ते राज्यापुरते का होईना पुन्हा करता येण्याजोगे आहे. नांदेड, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर आणि पुणे इथून येणारी विमाने सकाळी एका ठरल्या तासात सोनेगावला यावीत, पुढच्या तासात दिल्ली, कोलकाता, रायपूरकडे सुटावीत, आणि संध्याकाळी तोच क्रम उलटा व्हावा. मग नांदेडच्या व्यापाऱ्याला कोलकात्याला जायला हैदराबाद किंवा मुंबईचा वळसा पडणार नाही. यासाठी दुसरी धावपट्टी नंतर झाली तरी चालेल. चार-पाच कंपन्यांना एका टेबलाशी बसवून त्यांच्या घड्याळाचे काटे जुळवणारी यंत्रणा आधी हवी. महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी शिर्डीचा विमानतळ चालवते, अमरावतीचा तिने उभारला, आणि सोनेगावच्या कंपनीत भागीदार म्हणून ती आहेच. हे काम करायला नवे महामंडळ काढण्याचीही गरज नाही.

कंपन्या ऐकणार नाहीत, बाजाराला असे हुकूम देता येत नाहीत, असे म्हटले जाईल. पण डाकोटांच्या काळातही कुणी स्वखुशीने मध्यरात्री नागपूरला येत नव्हते. टपाल खात्याने नियमित माल आणि नियमित पैसे देऊ केले, म्हणून विमाने आली. सरकार आजही पैसे देतेच आहे, फक्त नियमितपणाची अट न घालता देते आहे.

म्हणून पुढच्या वेळी कुठल्या विमानतळाची कोनशिला बसेल, तेव्हा धावपट्टीची लांबी आणि मुंबईपर्यंतची मिनिटे ऐकून टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: आठवड्यात फेऱ्या किती, त्या कोणत्या वेळी, आणि किती वर्षे. ही तीन उत्तरे मिळाल्याशिवाय त्या गावाचे मुंबईपासूनचे अंतर एका किलोमीटरनेही कमी झालेले नसते.